खालच्या आळीचा लाल दिवा आणि मानसिंगाच्या लेकीचे नाव

समस्त रहिमतपूरकर, लहानथोर, हिंदू व मुसलमान, शेतकरी, दुकानदार, तैसेच सातारा व सांगली प्रांती पसरलेले सोयरेधायरे, यांसी विदित व्हावे. खालच्या आळीत नेट वारंवार जात होते, ते का जात होते, कोणी काय शिकस्त केली, कोणावर नाहक आळ आला, आणि अखेर फत्ते कैसी जाहली, याविषयी गावात नाना प्रकारची बोलवा आहे. कोणी म्हणतो खारीने तार खाल्ली, कोणी म्हणतो गिरणीने घात केला, कोणी ग्रहणावर ढकलतो. सबब खरा मजकूर एकवार लिहून ठेवणे प्राप्त जाहले. जे पाहिले ते पाहिले ऐसे, जे ऐकिले ते दोघांकडून पडताळून लिहितो. पदरचे काही घातले नाही. घातलेच असेल तर ते शोभेपुरते.

राजश्री हवालदार मानसिंगराव, खालच्या आळीचे राहणार, फौजेत नोकर, उत्तरेस बर्फाच्या मुलुखी चौकीवर तैनात होते. त्यांचे कुटुंब राजेश्वरीबाई यांस कन्या जाहली. वर्तमान चौकीवर पोहोचले, तेव्हा मानसिंगरावांनी साथीदारांस शिऱ्याची दावत दिली आणि घरी हुकूम पाठविला की, लेकीचे नाव आम्ही मुक्रर केले आहे. ते चिठ्ठीने पाठविणार नाही, निरोपाने सांगणार नाही. लेकीचे मुख पाहून आपल्या तोंडाने सांगू, मग आत्याने तिच्या कानात सांगावे, आणि तोवर कोणी परस्पर नाव ठेवू नये. रजा मिळेना. म्हणून व्हिडिओ कॉलवर बारसे करावे ऐसा बेत ठरला. चौकीवर फोनची पाळी रविवारी सकाळी येत असे.

आता येथील मुलूख कैसा आहे तेही सांगणे जरूर. खालची आळी खोलगट. मोबाईलची रेंज वरच्या रस्त्यापर्यंत येई आणि तेथून माघारी फिरे. बाळास रस्त्यावर न्यावे तर मानसिंगरावांच्या मातुश्री मनुबाईसाहेब यांची सक्त ताकीद की, बिननावाचं लेकरू उंबऱ्याभाईर जायचं न्हाई. मातुश्रींची ताकीद म्हणजे तीस अपील नाही. तेव्हा सारी भिस्त घरातल्या फायबरच्या नेटवर, म्हणजे केसाएवढ्या काचेच्या तारेवर, येऊन पडली.

नावाचा मान आत्याचा. सबब मानसिंगरावांच्या भगिनी तानुबाई सांगलीहून एसटीने आल्या, सोबत भडंगाच्या पिशव्या आणि झबली आणिली. त्यांचे यजमान कुपवाडास कारखान्यात कामास, ते मागे एकटे राहिले. बारसे होताच दुसरे दिवशी माघारी येईन ऐसा करार करून तानुबाई निघाल्या होत्या. तो करार पुढे कैसा बुडाला ते येईलच.

ठरले रविवारी पाळणा सजविला, झिरमिळ्या लाविल्या, घुगऱ्या शिजविल्या. अवघी आळी मानसिंगरावांचे माजघरात दाटीवाटीने बसली. बंदोबस्त सारा मानसिंगरावांचे चुलते, राजश्री सुभेदार भाऊसो, फौजेतून निवृत्त, यांजकडे होता. भाऊसोंचे घर भिंतीस भिंत लागून. गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट, ऐसी त्यांची स्वारी पहाटेपासून फिरत होती. त्यांनी चपलांची रांग लाविली, खुर्च्या मोजिल्या, आपले घरी जाऊन तेथील नेटचाही बंदोबस्त पाहिला, आणि मग पाळण्यापाशी येऊन सावधान उभे राहिले.

फोन वाजला. पडद्यावर मानसिंगरावांचे लोकरीच्या टोपीतले मुख उगवले, आणि बायकांनी एकच गलका केला. मानसिंगराव म्हणाले, “पोरीचं नाव मी ठेवलंय ते हाय...” आणि तोंड तैसेच उघडे राहून चित्र थिजले. मग एक चाक फिरू लागले. मग चाकही राहिले. भिंतीवरच्या नेटच्या पेटीकडे पाहतात तो हिरवा दिवा मावळलेला आणि लाल दिवा लागलेला. लोक बहुत वेळ त्या लाल दिव्याकडे पाहत बसले. मग घुगऱ्या खाऊन आपापले घरी गेले.

दुसरे दिवशी अर्शियाबाईंस पाचारण केले. या अर्शियाबाई म्हणजे शमशेरचाचांची लेक. चाचांनी गावात छत्र्या लावून केबल आणिली, लेकीने साताऱ्यास डिप्लोमा करून तिचे फायबर केले. हल्ली गावचे नेट त्यांच्याच अंमलाखाली. त्या स्कूटीवरून आल्या, पेटी पाहिली. दिवा हिरवागार. तारेतील उजेड मोजण्याचे यंत्र लाविले. उजेड भरपूर. त्यांनी पेटी बदलून नवी बसविली आणि छातीठोक सांगितले की, आता जाणार नाही.

पुढील रविवारी गेले. या खेपेस मानसिंगराव “नाव हाय” येथवरही पोहोचले नाहीत, “आये, बरी हाइस का” येथेच बुडाले. आठवडाभर ठणठणीत चालावे आणि ऐन कामाचे वेळी दगा द्यावा, ऐसी या नेटची चाल. अर्शियाबाई चिडल्या. खांबापासून घरापर्यंतची तार खारीने कुरतडली असेल ऐसा तर्क करून त्यांनी अवघी तार काढून नवी ओढविली. शमशेरचाचांनी शिडी धरिली आणि शिडी धरल्या धरल्या छत्रीच्या काळी वाऱ्याने चित्र कैसे हाले त्याच्या कथा सांगितल्या. त्यापुढील रविवारीही लाल दिवा लागला.

तेव्हा आळीत हाहाकार उडाला. बाळ बारा दिवस केव्हाच ओलांडून गेले आणि बिननावाचे राहिले. मनुबाई त्यास ठकी म्हणत, राजेश्वरीबाई माऊ म्हणत, तानुबाई रागाच्या भरात नेटवाली म्हणू लागल्या. तिकडे कुपवाडास तानुबाईंचे यजमान खाणावळीचे अन्न खाऊन रोडावले आणि रोज विचारू लागले, “काय गं, झालं का नाव?” तानुबाई वरच्या रस्त्यावर येऊन उत्तर देत, “न्हाई अजून. तुमी शेव-भात खावा.” चौकीवर मानसिंगरावांस साथीदार विचारीत, भाई, बेटी का नाम क्या रखा, तर ते म्हणत, रखा है, मगर पहुंचा नहीं.

आणि राजेश्वरीबाईंची हालत कोणी पुसली नाही. त्या बाळास मांडीवर घेऊन लाल दिव्याकडे पाहत, आणि एके दिवशी सासूबाईंस हळूच म्हणाल्या, “आत्याबाई, दर खेपेला त्येंचं तोंड उघडं ऱ्हातंय आन् जातंय. आठवडाभर मला तेच दिसत ऱ्हातंय.” यावर मनुबाई उठून भिंतीपाशी गेल्या. पदराने पेटी पुसू लागल्या.

मग भाऊसोंनी मसलत बोलाविली आणि शिट्टी वाजवून निवाडा केला. आळीच्या तोंडाशी साबेराबींची पिठाची गिरण. गिरणीची मोटर चालली की दिवे मिचमिचतात, हे सर्वांस ठाऊक. रविवारी दळणाची गर्दी, आणि रविवारीच नेट जाते. सबब गिरणच गुन्हेगार. अर्शियाबाईंनी अर्ज केला, “काका, ह्या तारंतनं करंट जात न्हाई, उजेड जातो. गिरणीचा त्याला काय संबंध?” पण भाऊसो फौजेत असता त्यांनी रेडिओ मोटरमुळे खरखरताना ऐकला होता, आणि त्या अनुभवापुढे उजेडाचे काय चालते.

भाऊसो स्वतः गिरणीत गेले. पिठाच्या धुरळ्यात सावधान उभे राहून म्हणाले, “साबेराभाभी, रविवारी तुमची गिरण बंद ठेवा. तुमच्यापायी पोरगी बिननावाची हाय.”

साबेराबी बाई करारी. नवऱ्यामागे गिरण एकटीने चालविली. मनुबाईंची आणि त्यांची नव्या नवरीपणापासूनची मैत्री, राजेश्वरीबाईंच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू त्यांनीच वळले. त्यांनी पट्टा उतरविला, पांढऱ्या झालेल्या भुवया पुसल्या आणि म्हणाल्या, “बंद ठेवते. पर रविवारपुरती न्हाई. माझा डाग पुसंस्तोवर बंद.” आणि दाराला कुलूप घालून पायरीवर बसल्या.

याचा परिणाम ऐसा जाहला की अवघी आळी पिठावाचून राहिली. लोक गव्हाचे डबे घेऊन वरच्या पेठेत जाऊ लागले, तेथील पीठ जाडे, भाकरी थापता मोडू लागली. मनुबाई चोरून मागल्या दाराने साबेराबींकडे गेल्या. दोघी चहा प्यायल्या, आणि मनुबाई परत आल्या.

रविवार उजाडला. गिरण मुकी. नेटही मुकेच जाहले. मानसिंगराव पडद्यावर आले, हात जोडिले, आणि जोडल्या हातांनिशी लुप्त जाहले. तेव्हा भाऊसोंनी मान खाली घातली, पण गिरणीकडे जाण्याचे धैर्य त्यांस जाहले नाही. उजेडाशी लढणे सोपे, चुकलो म्हणणे बहुत अवघड, ऐसे फौजेत कोणी शिकवीत नाही.

त्याच सायंकाळी अर्शियाबाईंनी आपले ऑफिसात मुख्य यंत्रापुढे बसून सारी हकीकत उलगडून पाहिली, तो एक अजब गोष्ट नजरेस आली. मानसिंगरावांचे एकट्याचे नेट जात नव्हते. अवघ्या आळीचे जात होते, एकाच क्षणी. आणि आळीतील सर्व लोक त्या समयी मानसिंगरावांचे माजघरात बसलेले, सबब आपापल्या घरी लाल दिवा लागला हे कोणी पाहिलेच नव्हते. अर्शियाबाई बापास म्हणाल्या, “अब्बा, आपण रोग गेल्यावर नाडी बघतोय. रविवारी मी खांबावरच बसते.”

या नेटची रीत ऐसी आहे की, ऑफिसातून एकच काचेची तार येते, खांबावरच्या डब्यात तिच्या फांद्या फुटतात, आणि प्रत्येक घरास एक फांदी जाते. घरोघरच्या पेट्यांनी आपापली पाळी आली म्हणजेच उजेड पाठवावा, इतर वेळी मुकाट राहावे. त्यांतून एखादी पेटी बिघडून पाळीवाचून अखंड उजेड ओकू लागली, तर बाकी कोणाचेच बोलणे पोहोचत नाही, आणि सर्वांचे घरी लाल दिवा लागतो. ऐसी एक पेटी आळीत फितूर आहे, आणि ती फक्त रविवारी जागी होते, इतके अर्शियाबाईंनी ताडिले. कोणाची ते ठाऊक नव्हते.

मग तो थोर रविवार आला. ऊन चांगले वर आले होते, वरच्या रस्त्याने उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून कारखान्याकडे चालले होते. अर्शियाबाई शिडीवर चढून डबा उघडून बसल्या. खाली शमशेरचाचांनी शिडी धरिली. मानसिंगरावांचे खिडकीत तानुबाई पेटीवर नजर लावून उभ्या राहिल्या, दिव्याचा रंग ओरडून सांगण्याची जबाबदारी त्यांची. भाऊसो शिट्टी घेऊन चौकात. साबेराबी गिरणीच्या पायरीवर हाताची घडी घालून. फोन वाजला, मानसिंगरावांचे मुख दिसले, आणि लगेच गेले.

तानुबाई खिडकीतून ओरडल्या, “लाल.”

अर्शियाबाईंनी डब्यात हात घातला, तोच साबेराबी पायरीवरून उठून खांबाखाली आल्या आणि म्हणाल्या, “माझी पहिली काढ. सगळ्यांसमोर काढ.”

“खाला, तुमची असणार न्हाई.”

“म्हणून तर पहिली.”

अर्शियाबाईंनी साबेराबींची तार उपटली. खिडकीतून आवाज आला, “लालच.” साबेराबींनी भाऊसोंकडे पाहिले. परत जाऊन पायरीवर बसल्या.

मग तारांची कत्तल सुरू जाहली. एक तार उपटावी, थांबावे, आणि तानुबाईंनी “लाल” म्हणावे. कासारांची उपटली, लाल. शिंप्यांची उपटली, लाल. ज्याची तार उपटली जाई तो मनुष्य छातीवरून हात फिरवून सुटलो म्हणे, आणि ज्याची राहिली तो घामेजून आपले कुळ, शेजार आणि देवदेवस्की आठवू लागे. रंगूबाईंनी तर आपली तार निघण्याआधीच जाहीर केले की, पेटी त्यांची नाहीच, जावयाने बसविली. त्यांचीही निर्दोष निघाली. तेव्हा त्यांनी जावयास तेथूनच दुवा दिला.

अखेर डब्यात दोनच तारा उरल्या. एक मानसिंगरावांची, जिच्यासाठी हे सर्व. दुसरी भाऊसोंची.

“काका, तुमची काढते,” अर्शियाबाई वरून म्हणाल्या.

“माझी कशाला?” भाऊसो म्हणाले. “मीच तर आळीवर नजर ठेवलीया. माझ्यात सकाळी हिरवा दिवा हुता की. सकाळधरनं बघतोय मी.”

“सकाळधरनं चालू हाय तुमची पेटी?”

“व्हय.”

“आणि रोज?”

“रोज कशाला? आमी दोघं म्हातारी, उगं लाईट जाळायची व्हय? बटण बंदच असतंय. मानसिंगाचा फोन असला म्हंजे लावतो. नेट धड हाय का न्हाई ते कुणीतरी बघाय नको का?”

हे शब्द चौकात पडले आणि तेथेच राहिले. शमशेरचाचांनी लेकीकडे वर पाहिले. लोकांनी भाऊसोंकडे पाहिले. भाऊसोंचे ओठ पुढचे वाक्य बोलण्यास उघडले आणि त्यांस आपणच काय बोललो ते उमगले, आणि शिट्टी हातातून सुटून गळ्यात लोंबू लागली.

अर्शियाबाईंनी तार उपटली.

खिडकीत तानुबाईंनी पदराने डोळे पुसून पेटी पाहिली. मग म्हणाल्या, “हिरवा.” मग स्वतःचाच विश्वास न बसून म्हणाल्या, “आवं हिरवा हाय ह्यो.”

लोक नाचू लागले. पण भाऊसोंनी हात वर केला. फौजी मनुष्य, खात्री केल्यावाचून स्वतःसही शिक्षा करणार नाही. म्हणाले, “परत लाव.” अर्शियाबाईंनी लाविली. “लाल.” “काढ.” काढिली. “हिरवा.” तेव्हा भाऊसोंनी मान हलविली आणि आपले घरी गेले.

तेथे त्यांची पेटी शोकेसमध्ये, काचेच्या मोरांच्या जोडीत, त्यांच्या कुटुंबाने, धोंडुबाईंनी विणलेल्या लोकरीच्या झाकणाखाली मानाने बसलेली. धोंडुबाई दारात येऊन म्हणाल्या, “दिवाळीत झाडताना पडली हुती माझ्या हातनं. दिवा लागत हुता, म्हटलं चांगली हाय.” भाऊसोंनी त्यांस दोष दिला नाही. पेटी झाकणासकट उचलिली, भर चौकातून चालत गिरणीपर्यंत गेले, आणि ती साबेराबींच्या पायरीवर ठेविली.

“भाभी,” ते म्हणाले, “डाग माझा हुता. तुमच्यावर लावला. चुकलो.” आणि तेथेच उभे राहिले, जैसे कोणी शिक्षेच्या परेडीस उभे राहते.

साबेराबींनी झाकण उचलून पेटी पाहिली. लोकर ऊनऊन जाहली होती. त्या म्हणाल्या, “हिला थंडी वाजत हुती व्हय, भाऊसो?” आणि हसू लागल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांस पाणी आले, ते पिठाच्या हाताने पुसण्याची सवय, पण हातास पीठ नव्हते. “आता उभं काय ऱ्हायलाय? चला. नाव ऐकू द्या.”

तिकडे चौकीवर ऐसे घडले की, मानसिंगरावांची पाळी सरली होती, पण मागल्या जवानांनी सर्वांनी मिळून आपापल्या पाळ्या सोडिल्या आणि म्हणाले, आप बैठे रहो. ते बसून राहिले होते. मनुबाईंनी कॉल लाविला. एका घंटेत लागला. पडद्यावर टोपीतले मुख स्वच्छ आले. राजेश्वरीबाईंनी बाळास फोनसमोर धरिले. बाळ निजले होते.

मानसिंगराव काही बोलले नाहीत.

लोक वाट पाहू लागले. मुख तैसेच. डोळे तैसेच. तोंड अर्धवट उघडे. तानुबाई दबल्या आवाजात म्हणाल्या, “अडकलं.” मागे कोणी म्हणाले, अडकलं, कोणी म्हणाले, गेलं परत. शमशेरचाचा शिडी आणण्यास धावले, त्यांमागे अर्शियाबाई, आणि दारात भाऊसो व साबेराबी येत होते त्यांवर आदळल्या. पेटीकडे पाहतात तो दिवा हिरवा. हिरवा असून चित्र थिजलेले, हा कोणता नवा दगा ते कळेना.

तेव्हा राजेश्वरीबाई बोलल्या. “थांबा. अडकलं न्हाई.” त्यांनी फोन जवळ घेतला. “श्वास घेत्यात. वाफ निघतीया बघा तोंडातनं.”

सर्व वाकले. आणि खरेच, त्या बर्फाच्या मुलुखी मानसिंगरावांच्या तोंडातून पांढरी वाफ येत होती, विरत होती, पुन्हा येत होती. ते बघत होते. नुसते बघत होते. माजघरात कोणी हालले नाही. अवघ्या आळीने इतके रविवार ज्या नेटसाठी जीव टाकिला, ते धो धो वाहत होते, आणि त्यावरून एक शब्द जात नव्हता.

पुष्कळ वेळाने मानसिंगराव म्हणाले, “माझ्यासारखं नाक हाय.”

मग नाव सांगितले. परंतु नाकाच्या उल्लेखाने मोठा गलका उठला होता, कोणी म्हणे आज्यावर गेली, कोणी म्हणे आईवर, आणि नाव कोणासही ऐकू आले नाही. तेव्हा भाऊसोंनी शिट्टी फुंकिली. अवघे माजघर सावधान जाहले. मानसिंगरावांनी खाकरून, टोपी सावरून, हाक मारावी तैसे स्पष्ट म्हटले, “मृण्मयी.”

मनुबाईंनी ओठ हलवून पाहिले. “मिरमई?” त्या म्हणाल्या. भाऊसो म्हणाले, “मुरुमाई.” तानुबाई पाळण्यात वाकल्या आणि बाळाचे कानात काय म्हणाल्या ते बाळासच ठाऊक, परंतु दोनदा म्हणाल्या आणि दोन्ही वेळा निराळे. तेव्हा मागून साबेराबी पुढे आल्या, बाळाचे कपाळावरून हात फिरविला आणि पहिल्याच दमात शुद्ध म्हणाल्या, “मृण्मयी. सोपं तर हाय.”

येणेप्रमाणे खालच्या आळीची मोहीम फत्ते जाहली. भाऊसोंस नवी पेटी मिळाली, तीवर झाकण घालू नये ऐसी अर्शियाबाईंची लेखी नव्हे पण तोंडी सक्त आज्ञा आहे, कारण पडून दुखावलेली जुनी पेटी लोकरीखाली तापली म्हणजेच उजेड ओकू लागे, सबब फोन आधी लागे आणि मग जाई. गिरण त्याच सायंकाळी सुरू जाहली, पहिले दळण भाऊसोंचे, डबा त्यांनी स्वतः डोक्यावर आणिला. तानुबाई दुसरे दिवशीच्या एसटीने सांगलीस गेल्या आणि यजमानांनी त्यांस नाव पुसले असता घरी पोहोचेपर्यंत त्या ते विसरल्या होत्या. पेटीवरचा दिवा हिरवा आहे. बाळ त्या सर्व धामधुमीत एकदाही जागे जाहले नाही, आणि मानसिंगराव दर रविवारी तेच मागतात, की बोलू नका कोणी, जरा निजलेली दाखवा.